दोन लाव्हांमधली जीवसृष्टी : दख्खनच्या आंतरस्तरांचा शोध

सह्याद्रीच्या कड्यांपासून विदर्भाच्या पठारापर्यंत पसरलेला काळा कातळ ज्वालामुखीतून आला, हे सर्वश्रुत आहे. आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापणाऱ्या या बेसाल्टचा बराचसा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, भूशास्त्रीय मोजमापाने अगदी थोड्या अवधीत बाहेर पडला. मात्र हे उद्रेक अखंड चालू नव्हते. एक लाव्हाप्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत कधी काही शतके, तर कधी हजारो वर्षे जात, आणि तेवढ्या काळात थिजलेल्या लाव्हाच्या खोलगट भागांत पाणी साचून तळी होत, काठी झाडी वाढे, तळाशी गाळ बसे. पुढच्या प्रवाहाने हा गाळ गाडला गेला, म्हणून दोन प्रवाहांमध्ये सापडणाऱ्या अशा पातळ थरांना भूशास्त्रात ‘इंटरट्रॅपियन’ थर, म्हणजेच आंतरस्तर, म्हणतात. दख्खनच्या प्राचीन वनस्पती, बुरशी आणि सूक्ष्मजीव यांच्याविषयी जे ज्ञान आज उपलब्ध आहे, त्याचा फार मोठा भाग या थरांतून मिळालेला आहे.

या थरांतील जीवाश्म इतके तपशीलवार टिकले याचे कारण सिलिका हे खनिज होय. ज्वालामुखीच्या राखेतून आणि खडकांतून विरघळलेली सिलिका तळ्याच्या पाण्यात मिसळली, बुडालेल्या खोडांच्या, फळांच्या आणि पानांच्या पेशींमध्ये झिरपली आणि पेशी कुजून नाहीशा होण्यापूर्वीच त्यांच्यात घट्ट झाली. अशा रीतीने तयार झालेल्या कठीण, गारगोटीसारख्या दगडाला ‘चर्ट’ म्हणतात. कोळशात किंवा चिखलाच्या दगडात वनस्पतीचा बहुधा चपटा ठसाच उरतो, तर चर्टमध्ये पेशींच्या भिंती, बीजातील गर्भ आणि लाकडात शिरलेले बुरशीचे तंतू मूळ आकारात राहतात. हा दगड हिऱ्याच्या पात्याने कापतात, काचेवर चिकटवतात आणि प्रकाश आरपार जाईल इतका पातळ होईपर्यंत घासतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे वाचन आजच्या वनस्पतीच्या छेदासारखे करता येते.

या थरांकडे अभ्यासकांचे लक्ष वळले ते एकोणिसाव्या शतकात. मद्रास सैन्यातील शल्यचिकित्सक जे. जी. माल्कमसन यांनी १८३७ मध्ये दख्खनच्या पूर्वेकडील बेसाल्ट प्रदेशातील जीवाश्मांवर निबंध सादर केला. त्यांच्या संग्रहात शंख-शिंपल्यांबरोबर कारा या गोड्या पाण्यातील शैवालाची टाचणीच्या माथ्याएवढी फळेही होती, आणि त्यांपैकी एका जातीला पुढे माल्कमसन यांचेच नाव मिळाले. मात्र पद्धतशीर संग्रहाचे काम नागपुरात सुरू झाले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये तेथे आले. शाळा चालवणे आणि गोंडी गीतांचा संग्रह करणे या कामांबरोबरच ते आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह सीताबर्डीच्या टेकडीची आणि शहरालगतच्या टाकळीच्या थरांची पाहणी करू लागले. टाकळीत त्यांना फळे, बिया, पाने, लाकूड आणि गोड्या पाण्यातील गोगलगाई मिळाल्या. नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील त्या दोघांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हिस्लॉप यांना १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना एका ओढ्याच्या पुरात मृत्यू आला, आणि पुढे त्यांच्या स्मरणार्थ नागपुरात स्थापन झालेले महाविद्यालय आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते.

हिस्लॉप यांच्या पिढीचा मुख्य प्रश्न वयाचा होता. दख्खनचा लाव्हा डायनासोरांच्या अखेरच्या काळातला, म्हणजे क्रिटेशियस, मानावा की त्यानंतरच्या तृतीयक काळातला, यावर तज्ज्ञांत मतभेद होते. हिस्लॉप यांचा कल तृतीयक काळाकडे होता, पण भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील अनेकांचे मत क्रिटेशियसच्या बाजूचे होते, आणि केवळ गोगलगाईंच्या कवचांवरून हा वाद मिटण्यासारखा नव्हता.

त्याला नवे वळण दिले लखनऊ विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी. दख्खनच्या अश्मीभूत ताडवर्गीय खोडांचा अभ्यास करताना त्यांनी १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दख्खनचा लाव्हा क्रिटेशियस की तृतीयक, असा प्रश्न उघडपणे मांडला आणि वनस्पतींच्या आधारे तृतीयकाच्या बाजूने कौल दिला. त्याच सुमारास भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांनी मोहगाव कलां येथील समृद्ध चर्ट प्रकाशात आणला. हे गाव नागपूरच्या उत्तरेस, सौसरजवळच्या मराठी भाषक पट्ट्यात असून त्या काळी ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होते, त्याची राजधानी नागपूरच होती. सहानी आणि रोडे यांचा मोहगावच्या वनस्पतींवरील निबंध १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्या दशकात या एका गावाभोवतीच्या शेतांतील दगडांनी भारतीय पुरावनस्पतिशास्त्राला अनेक नव्या प्रजाती दिल्या.

त्यांपैकी एका फळाची हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे. सहानींनी १९४३ मध्ये ‘एनिग्मोकार्पॉन पारिजाय’ हे नाव दिलेले हे फळ अनेक कप्प्यांचे असून प्रत्येक कप्प्यात बियांची दाटी होती. त्याच्या अंतर्गत रचनेवरून सहानींनी ते मेंदी आणि ताम्हण ज्या कुळात मोडतात, त्याच लिथ्रेसी कुळाजवळ ठेवले. पुढच्याच वर्षी व्ही. बी. शुक्ल यांनी मोहगावच्याच चर्टमधून एक अश्मीभूत फूल वर्णिले, त्याला सहानींच्या सन्मानार्थ ‘सहानिअँथस’ हे नाव दिले आणि त्याचा या फळाशी असलेला संबंध दाखवला. एकाच स्थळी फूल आणि फळ दोन्ही मिळाल्यामुळे त्या वनस्पतीचे जीवनचक्र जुळवता आले, आणि जीवाश्मांच्या अभ्यासात असा योग क्वचितच येतो. याच थरांत निपा या ताडवर्गीय झाडाची फळेही मिळाली. हे झाड आज सुंदरबनासारख्या भरती-ओहोटीच्या चिखलातच वाढते, त्यामुळे समुद्राचा एखादा फाटा त्या काळी मध्य भारताच्या जवळपास पोहोचला असावा, असा तर्क अभ्यासकांनी केला.

सहानी आणि एच. एस. राव यांनी सौसरच्या चर्टवर १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात लहान जीवांना प्रथमच मोठे स्थान मिळाले. ॲझोला हे पाण्यावर तरंगणारे, भाताच्या खाचरांत आज नत्रखत म्हणून सोडले जाणारे नेचेवर्गीय रोप त्यात बीजाणूंच्या रूपाने ओळखले गेले. शिवाय कारा शैवालाची एक नवी जाती आणि ‘पॅलिओसॉर्डेरिया’, ‘पेरिस्पोरिॲसाइटिस’ या बुरश्याही वर्णिल्या गेल्या. नागपूरच्या श्यामला चितळे यांनी १९५१ मध्ये मोहगावच्या चर्टमधील सूक्ष्म वनस्पती-अवशेषांवर, म्हणजे परागकण आणि बीजाणू यांवर, काम प्रसिद्ध केले. पुढे त्यांनी अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात पुरावनस्पतिशास्त्राचा विभाग सांभाळला. या कामांमुळे मोहगाव-सौसरची तळी परिसंस्था म्हणून समजू लागली : पाण्यात शैवाल, पृष्ठावर ॲझोला, काठावर ताडवर्गीय झाडे आणि मेलेल्या लाकडात त्याचे विघटन करणारी बुरशी.

वयाच्या वादाचा निकालही याच सूक्ष्म पुराव्यांनी, किरणोत्सारी कालमापनाच्या जोडीने, दिला. काही आंतरस्तरांतील परागकण क्रिटेशियसच्या अखेरचे, तर काहींतील त्यानंतरच्या पॅलिओसीन काळातले ठरले, म्हणजे लाव्हाचे उद्रेक दोन्ही काळांच्या सीमारेषेवर पसरलेले होते. परस्परांशी भांडणाऱ्या दोन्ही पक्षांना सत्याचा एकेक अंश गवसला होता.

अलीकडचा टप्पा चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यात, पिसदुरा येथे गाठला गेला. येथील लॅमेटा थर लाव्हाच्या खालचे, म्हणजे उद्रेकांपूर्वीचे असून डायनासोरांच्या हाडांबरोबर त्यांत विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा, मोठ्या संख्येने मिळते. सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये त्यांवर लिहिले होते, पण आतील सूक्ष्म कणांचा तपशीलवार अभ्यास विसाव्या शतकाच्या अखेरीनंतरच झाला. आर. के. कार व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये या विष्ठेत कोलेटोट्रायकम, एरिसायफी आणि अन्सिन्युला या बुरश्यांचे अवशेष नोंदवले. करपा आणि भुरी या नावांनी शेतकऱ्यांना परिचित असलेले पानांवरचे रोग आज याच गटांतील बुरश्यांमुळे होतात. त्यामुळे त्या विष्ठेचे धनी असलेले प्राणी रोगट पानांसह झाडांचा पाला खात असत, हे अनुमान निघाले. पुढच्या वर्षी वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात त्याच विष्ठेतील फायटोलिथ, म्हणजे वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे कण, तपासून त्यांत गवताचे किमान पाच प्रकार असल्याचे दाखवले. गवते डायनासोरांच्या काळानंतरच वाढली, हा समज त्यामुळे बदलावा लागला, आणि २०११ मध्ये त्याच गटाने भाताच्या कुळाची पाळेमुळेही त्या काळापर्यंत नेली. अशोक सहानी हे बिरबल सहानींचे पुतणे, हा केवळ योगायोग नव्हे. एकाच घराण्यात या शास्त्राची परंपरा कशी टिकली, हे त्यावरून दिसते.

या पावणेदोन शतकांच्या वाटचालीत अभ्यासकांची नजर क्रमाने लहान वस्तूंकडे वळली : आधी शंख, मग खोड आणि फळ, पुढे परागकण, बुरशीचे तंतू आणि सिलिकाचे कण. आणि वस्तू जितकी लहान, तितका तिने सोडवलेला प्रश्न मोठा ठरला. मात्र असा पुरावा दगडाच्या आतच नव्हे, तर दगडाच्या जागेतही असतो. कोणत्या थरातून, कोणत्या दोन प्रवाहांमधून तो आला, हे ठाऊक नसेल, तर सुंदर नमुनाही निरुपयोगी होतो. मध्य प्रदेशातील डिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे जीवाश्म राष्ट्रीय उद्यान आहे, पण विदर्भातील आणि लगतच्या प्रदेशातील बहुतेक चर्ट शेतांच्या बांधांवर, ओढ्यांच्या काठी आणि रस्त्याच्या खडीत पडून आहे. पेशींच्या रेषा किंवा फळाचा आकार दिसणारा दगड कोणाला आढळल्यास त्याने तो घरी न आणता जागेची नोंद करून जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र विभागाला कळवावे.