डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये ताकदवान कॅरेक्टर कसं बनवायचं?



डंजन्स अँड ड्रॅगन्स (पुढे नुसतं डी अँड डी म्हणू) नव्याने खेळायला लागलेले लोक मला हमखास एक प्रश्न विचारतात: "सगळ्यात स्ट्राँग कॅरेक्टर कोणतं?" या लेखात त्याचं उत्तर आकडेमोडीसकट देतो. सोबत माझं एक कॅरेक्टर कसं फसलं तेही सांगणार आहे, कारण कागदावर ते आमच्या गटात सगळ्यात ताकदवान होतं.

ज्यांना हा खेळ अजिबात माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हा व्हिडिओ गेम नाही. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो काढला. चार-पाच जण टेबलाभोवती (किंवा आमच्यासारखे व्हिडिओ कॉलवर) बसतात. एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो आणि गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक कॅरेक्टर खेळतात. काही करायचं म्हटलं की २० बाजूंचा फासा टाकायचा, त्यात आपला बोनस मिळवायचा आणि ठरलेला आकडा गाठायचा. पुढचे सगळे नियम पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ चे आहेत. २०२४ मध्ये ती सुधारून आली. जिथे मोठा फरक पडतो तिथे तसं लिहिलं आहे.

आधी गुण वाटून घ्या

प्रत्येक कॅरेक्टरला सहा गुण असतात: स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी, कॉन्स्टिट्यूशन, इंटेलिजन्स, विस्डम आणि करिझ्मा. पॉइंट-बाय पद्धतीत तुमच्याकडे २७ पॉइंट असतात. प्रत्येक गुण ८ पासून सुरू होतो. १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट लागतो, त्यापुढच्या दोन पायऱ्यांना दोन-दोन. म्हणजे १३ ला ५, १४ ला ७ आणि १५ ला ९ पॉइंट.

इथे नवे खेळाडू एक गोष्ट विसरतात. बोनस फक्त सम आकड्यावर वाढतो. १४ असो की १५, बोनस +२ च. १६ झाले की +३. म्हणून मुख्य गुण १५ घ्यायचा आणि वंशाचा बोनस (२०२४ मध्ये तो बॅकग्राउंडकडून येतो) लावून १६ किंवा १७ करायचा. दुसरा आकडा कॉन्स्टिट्यूशनला द्या, कोणताही क्लास असला तरी. त्यातून हिट पॉइंट तर वाढतातच, शिवाय मंत्र टाकणाऱ्याला मार बसल्यावर चालू मंत्र टिकवायचा सेव्हिंग थ्रोही याच गुणावर असतो.

फाशाचं गणित

२० बाजूंच्या फाशावर +१ म्हणजे ५ टक्के. ऐकायला कमी वाटतं, पण ५० टक्क्यांचे ५५ झाले की एकूण नुकसान दहा टक्क्यांनी वाढतं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. तुमचा योद्धा चौथ्या लेव्हलचा आहे, स्ट्रेंग्थ १६, हातात ग्रेटस्वोर्ड. वार करताना बोनस +५ (गुणाचे ३, प्रॉफिशियन्सीचे २). समोरच्याचा आर्मर क्लास १५. म्हणजे १० किंवा वर पडायला हवेत, शक्यता ५५ टक्के. तलवारीचं सरासरी नुकसान ७ अधिक ३, एकूण १०. प्रत्येक वारामागे हिशोब ५.५ चा. (क्रिटिकल मी सोडून दिलाय, नाहीतर हा लेख संपणार नाही.)

२०१४ च्या नियमांत ग्रेट वेपन मास्टर नावाचं एक फीट आहे. वाराच्या बोनसमधून ५ वजा करा, लागला तर नुकसानात १० मिळवा. आता शक्यता ३० टक्क्यांवर आली, पण नुकसान २० झालं. हिशोब ६. म्हणजे फायदा किरकोळ. आर्मर क्लास १८ असेल तर चक्क तोटा: साध्या वाराला ४, फीटवाल्याला ३.

मग या फीटचं एवढं कौतुक का? कारण अ‍ॅडव्हांटेज. अ‍ॅडव्हांटेज मिळाला की दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. आर्मर क्लास १५ समोर साधा वार सुमारे ८ वर जातो आणि फीटवाला १०.२ वर. बार्बेरियनला दुसऱ्या लेव्हलपासून रेकलेस अटॅकमुळे हा अ‍ॅडव्हांटेज मनात येईल तेव्हा घेता येतो (बदल्यात शत्रूलाही त्याच्यावर तो मिळतो). तुमच्याकडे तो नसेल तर शेजारच्या खेळाडूकडे बघा. क्लेरिकचा ब्लेस हा पहिल्या लेव्हलचा मंत्र तिघांना प्रत्येक वारावर आणि सेव्हिंग थ्रोवर चार बाजूंचा फासा जास्तीचा देतो, सरासरी २.५. त्याने आपला ६ चा हिशोब ८.५ होतो. तुमच्या शीटवर एक अक्षरही न बदलता.

२०२४ मध्ये या फीटचं ५ वजा, १० अधिक काढून टाकलंय. आता नुकसानात नुसता प्रॉफिशियन्सी बोनस मिळतो. जुने व्हिडिओ बघून बिल्ड बनवत असाल तर आधी आवृत्ती तपासा.

पाचवी लेव्हल आणि माझा घोळ

फायटर, बार्बेरियन, पॅलाडिन, रेंजर, माँक या सगळ्यांना पाचव्या लेव्हलला एक्स्ट्रा अटॅक मिळतो, एकाच्या जागी दोन वार. विझर्ड आणि सॉर्सररला त्याच लेव्हलला फायरबॉल: आठ फासे, सरासरी २८, आणि तेही २० फुटांच्या त्रिज्येतल्या सगळ्यांना. ताकद इथे एकदम दुप्पट होते. मात्र ही लेव्हल त्या एका क्लासची हवी, तीन क्लास मिळून पाच नव्हे.

मी नेमकं तेच केलं होतं. पॅलाडिन दोन, हेक्सब्लेड वॉरलॉक एक, सॉर्सरर दोन. करिझ्मावर सगळं चालतं, स्मिटसाठी भरपूर स्लॉट, आणि बाराव्या लेव्हलला ते खरंच भयंकर झालं असतं. आम्ही होतो पाचव्या लेव्हलला. वार एकच.

समोर दोन ओगर. आमचा क्लेरिक शून्यावर येऊन पडलेला, मी त्याच्या शेजारी. लेऑन हँड्सचे माझे दहाही पॉइंट शिल्लक होते, एक पॉइंट दिला असता तरी तो उठला असता. पण ओगर मरायला टेकलाय असं मला वाटलं आणि मला माझा स्मिट दाखवायचा होता. वार लागला. ओगर पडला नाही.

बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून लागलेला वार आपोआप क्रिटिकल होतो आणि त्याचे दोन डेथ सेव्ह नापास धरले जातात. तीन नापास म्हणजे मरण. पहिल्या ओगरने दोन केले, दुसऱ्याने बाकी काम उरकलं. मेलेल्याला मिनिटाच्या आत उठवणारा रिव्हिव्हिफाय हा मंत्र आमच्या गटात एकाकडेच होता, त्या क्लेरिककडे.

मित्र ते कॅरेक्टर वर्षभर खेळत होता. कॉलवर तो "ठीक आहे रे" म्हणाला आणि कॅमेरा बंद केला. मी नंतर हिशोब मांडला. साधा पाचव्या लेव्हलचा पॅलाडिन असतो तर दुसरा वार आणि दुसरा स्मिट मिळाला असता. आणि आहे त्या कॅरेक्टरनेसुद्धा मी त्याला उठवलं असतं, तर पुढच्या माराने तो फार तर पुन्हा शून्यावर आला असता, डेथ सेव्हची पाटी कोरी ठेवून.

मग मल्टिक्लास करूच नये का?

करा, पण आधी डीएमला विचारा की खेळ कितव्या लेव्हलपर्यंत जाणार आहे. आठपर्यंतच जाणार असेल तर बाराव्या लेव्हलचं बिल्ड घेऊन बसण्यात काही अर्थ नाही. दोन्ही क्लासच्या मुख्य गुणात किमान १३ लागतात, पॅलाडिनला तर स्ट्रेंग्थ आणि करिझ्मा दोन्हींत. माझा नियम सोपा आहे: एका क्लासमध्ये पाच होईपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. अपवाद आहेत. उदाहरणार्थ, पहिली लेव्हल फायटरची घेऊन पुढे विझर्ड झालात तर चिलखत आणि कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह मिळतो. पण फायरबॉल एक लेव्हल उशिरा येणार, हे मान्य असेल तरच.

शीट भरताना आणखी एक करा. बाकीचे कोण काय खेळतायत ते विचारा. तिघेही तलवारवाले असतील तर चौथ्या तलवारीपेक्षा ब्लेस टाकणारा गटाला जास्त नुकसान करून देतो, हे वर आपण आकड्यांत पाहिलंच.

नियम विकत घ्यायची घाई नको. जानेवारी २०२३ पासून पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम (एसआरडी ५.१) क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात. त्यात सगळे फीट नाहीत, वरचं ग्रेट वेपन मास्टरही नाही, पण बारा क्लास आहेत आणि पहिल्या कॅरेक्टरला तेवढे पुरतात.

मी सध्या सरळ पॅलाडिन खेळतोय, सहावी लेव्हल. या लेव्हलला दहा फुटांच्या आतल्या सगळ्या साथीदारांच्या सेव्हिंग थ्रोमध्ये माझा करिझ्मा बोनस मिळतो, त्यामुळे सगळे मला चिकटून चालतात. मित्राने यावेळी रोग घेतलाय. तो मात्र दहा फुटांच्या बाहेरच उभा राहतो.