पारा

अकोल्याच्या उन्हाविषयी पुण्या-मुंबईच्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. तिकडे ३५ अंशांना माणसे "काय उकडतंय हो!" म्हणत वर्तमानपत्राने वारा घेऊ लागतात. आमच्याकडे ३५ म्हणजे सुखाची संध्याकाळ. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे सरकला, की अकोलेकराच्या चेहऱ्यावर एक प्रकारची प्रतिष्ठा येते. सकाळी पेपर उघडून तो आधी तपमानाचा चौकोन पाहतो. चंद्रपूर अर्ध्या अंशाने पुढे निघाले असेल, तर चहा बेचव लागतो.

असे हे ऊन पिढ्यान्‌पिढ्या सोसायचे, तर त्याचे शास्त्र हवेच. ते आमच्या आजीला तोंडपाठ होते. बाहेरची कामे अकराच्या आत उरकायची. मग दारे लावून, वाळ्याचे पडदे भिजवून गप्प पडायचे. बाहेर जाणे भागच असेल तर कानांवरून दुपट्टा, पोटात कैरीचे पन्हे आणि खिशात कांदा. कांद्याच्या बाबतीत विज्ञानाची साक्ष काढता येणार नाही. पण खिशात कांदा असला म्हणजे बाहेर ऊन आहे हे लक्षात तरी राहते!

"जाऊ नोको बाप्पा, तपन लागन," असे आजी आम्हा मुलांना म्हणायची. बहिणीला मात्र ती म्हणायची, "जाऊ नोको, कायी पडशीन." ऊन तेच, दार तेच, आजीही तीच. मुलाला उन्हात जिवाची भीती आणि मुलीला रंगाची! या लेखाचा सगळा इतिहास त्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

रंगाच्या मोजमापात आमच्या मावशीचा हात धरणारा कोणी नव्हता. लग्न जमवणे हा तिचा छंद. तिच्या शब्दकोशात गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी आणि 'सावळी पण नाकीडोळी नीटस' अशा पाच पायऱ्या होत्या. पाचवी पायरी आली की हुंड्याची बोलणी लांबत. गंमत अशी, की आमचा वऱ्हाड पडला भाकरीचा. रोज ताटात ज्वारी. पण सून हवी गव्हाच्या रंगाची! एकदा मी म्हटले, "मावशी, पंढरीचा विठोबा काळा, राम सावळा, द्रौपदीचे तर नावच कृष्णा." मावशी म्हणाली, "देवाचं चालते बाबू. त्याले कुठं स्थळं पाहायची हायेत?"

आता मावशीला एकटीला कशाला दोष द्या? रंगाचा हा हिशेब जगभर चालत आला आहे. युरोपातल्या उमराव बायका एके काळी शिशाची पांढरी पूड तोंडाला फासत. शिसे विषारी, पण चेहरा पांढरा दिसला म्हणजे बाई शेतात राबत नाही हे लांबून कळे. मग गिरण्या आल्या. मजूर उन्हातून उठून गिरणीच्या अंधारात गेला आणि त्याचाच चेहरा फिका पडला. आता पांढरेपणात मोठेपणा कसला?

त्यातच वैद्यकाने उन्हाची बाजू घेतली. नील्स फिन्सेन या डेन्मार्कच्या डॉक्टराने त्वचेचा क्षय प्रकाशकिरणांनी बरा करून दाखवला आणि १९०३ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. १९२० नंतर तर कोको शानेलसारख्या फॅशनच्या राण्या रापलेल्या अंगाने मिरवू लागल्या. समुद्रकाठी उघड्या अंगाने भाजून घेणे हे सुटीचे, म्हणजेच पैशाचे लक्षण ठरले. गोऱ्या कातडीला ते मानवले नाही. त्वचेचा कर्करोग वाढला, तेव्हा १९८१ साली ऑस्ट्रेलियाने 'सदरा चढवा, मलम लावा, टोपी घाला' अशा अर्थाची मोहीम काढली. वऱ्हाडातल्या गड्याने ती ऐकली असती, तर "मंग इतके दिवस काय करत होते?" असे विचारले असते. पुढे २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने अंग रापवण्याच्या विजेच्या खाटांना तंबाखूच्या पंगतीत नेऊन बसवले.

म्हणजे तिकडे काळे होण्यासाठी पैसे मोजतात आणि इकडे गोरे होण्यासाठी. दोन्हीकडे विकत घ्यायची वस्तू एकच : 'मला उन्हात राबावे लागत नाही' हा दाखला.

ज्यांना राबावे लागते त्यांच्याकडे पाहा. कपाशी वेचणाऱ्या बाया लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढवतात. डोक्याला फडके असतेच. ऊन, काटेबोंडे, फवाऱ्याचे औषध या सगळ्यांसाठी मिळून तो एक सदरा. त्वचेच्या आरोग्याचा इतका शहाणा पोशाख मी दुसरा पाहिलेला नाही. पण त्याला कोणी सौंदर्यप्रसाधन म्हणत नाही.

उलट, उन्हापासून फार जपले तर काय होते, तेही महाराष्ट्रातच दिसून आले. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिकला मुडदूस या हाडांच्या रोगाचा अभ्यास केला आणि १९२२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना काय आढळले? उन्हात राबणाऱ्या गरिबांची उघडी-नागडी पोरे या रोगातून सुटली होती आणि खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यातल्या घरांत तो ठाण मांडून होता. कारण हाडांना लागणारे ड जीवनसत्त्व आपली त्वचा उन्हातच तयार करते. जेवण चांगले, पण सूर्यच घरात यायचा नाही! आज अकोल्यात ही पडद्याची परंपरा आम्ही बंद खोल्यांतून चालवतो. पुढे हाडे दुखतात. मग डॉक्टर ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची गोळी लिहून देतात, आठवड्याला एक. बाहेर सूर्य फुकट आग ओकतो आहे आणि आम्ही तो पाकिटातून विकत आणतो आहोत. आता बोला!

गोरेपणाची बाटली मात्र त्याहून जुनी. १९१९ साली मुंबईच्या पाटणवाला यांनी 'अफगाण स्नो' काढले. १९७५ साली 'फेअर अँड लव्हली' आली आणि मावशीच्या पाच पायऱ्यांना जाहिरातीचे बळ मिळाले. २०२० मध्ये तिने नावातले 'फेअर' काढून 'ग्लो' घातले. नाव बदलले, वधुवरसूचक मंडळांतले फॉर्म तेवढे लगोलग बदलले नाहीत.

इथपर्यंत हसण्यासारखे होते. जानेवारी २०२३ मध्ये मात्र आमच्या अकोल्याचे नाव पेपरात आले आणि ते तपमानाच्या चौकोनात नव्हते. इथल्या एका मुलीने स्थानिक पातळीवर मिळणारे एक क्रीम घेतले. पाहता पाहता आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींचीही मूत्रपिंडे बिघडली. एका घरात तिघींना एकच आजार, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयापर्यंत गेले, क्रीम तपासले गेले आणि त्यात निघाला पारा! सौंदर्यप्रसाधनात नकळत आलेला पारा दहा लाख भागांत एक भागापर्यंतच चालतो. इथे तो त्याच्या कित्येक पट होता. पुढे केरळातल्या मलप्पुरमकडूनही अशीच प्रकरणे बाहेर आली.

पाऱ्याचे काम साधे असते. त्वचेला रंग देणारे मेलॅनिन तो तयार होऊ देत नाही. म्हणजे उन्हापासून वाचवण्यासाठी निसर्गाने दिलेली छत्री तो मिटवून टाकतो. चेहरा उजळतो, शेजारीण विचारते, "काय लावतेस गं?" तोवर तो त्वचेतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडाच्या गाळण्यांत जाऊन बसलेला असतो. डबीवर त्याचे नाव नसते. बनवणाऱ्याचा पत्ताही पुष्कळदा नसतो.

ज्या गावाने जन्मभर पाऱ्याला भ्यावे, दारे लावावीत, कांदे बाळगावेत, त्याच गावातल्या तीन बायकांनी पारा विकत आणून हातांनी तोंडाला चोळावा! त्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. आईने तो लावला, बहिणीने लावला, कारण 'कायी पडशीन' हे वाक्य त्यांच्याही आज्यांनी म्हटलेले असणार.

आजीच्या शास्त्रातला दुपट्टा ठेवा, पन्हे ठेवा, हवा तर कांदाही ठेवा. आज दुचाकीवरच्या मुली डोळ्यांपुरती फट ठेवून तोंड गुंडाळतात आणि बापाला आपली मुलगी चौकात ओळखू येत नाही. तेही खुशाल चालू द्या, ऊनच तसे आहे. हिवाळ्यातल्या दुपारी मात्र थोडा वेळ हातपाय उघडे टाकून अंगणात बसा. पत्ता नसलेली डबी दुकानातच राहू द्या. आणि मुलीला उन्हात जाऊ नको म्हणायचे, तर कारण मुलाला सांगता तेच सांगा.

पारा काय, काचेच्या नळीत बरा. तिथे तो ४६ वर गेला तर चंद्रपूरवर मात केल्याचा आनंद तरी मिळतो.