दुकानाचा फलक आणि मालकाची भिंत : भाडेकरू व्यावसायिकांच्या हक्काचा एक दुर्लक्षित पैलू

कुडाळलगतच्या पिंगुळीसारख्या महामार्गावरील गावात भाड्याच्या गाळ्यात व्यवसाय करणाऱ्याची ओळख गिऱ्हाईकास प्रथम फलकावरूनच होते. मात्र फलक ज्या दर्शनी भिंतीवर लावायचा, ती भाड्यात अंतर्भूत आहे काय, याचे सरळ उत्तर भाडेविषयक कायद्यांत आढळत नाही.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०८ नुसार भाडेकरूस मालकाच्या संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम करता येत नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने अशा बांधकामास निष्कासनाचे कारण मानले व १९९९ च्या अधिनियमाच्या कलम १६ ने तेच धोरण पुढे चालविले. या कलमाच्या स्पष्टीकरणात लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, वातानुकूलन यंत्र यांना सूट आहे. फलकाचा उल्लेखच नाही! व्यंकटलाल पिट्टी विरुद्ध ब्राइट ब्रदर्स (१९८७) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बांधकामाचा हेतू, टिकाऊपणा, ते काढता येणे इत्यादी कसोट्या विचारात घेतल्या. खिळ्यांवर टांगलेली पाटी त्यांनुसार कायम बांधकाम ठरणे कठीण. स्लॅबमध्ये रोवलेल्या लोखंडी सांगाड्याविषयी मात्र वाद संभवतो.

१९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. पुढे मालकांनी अल्पमुदतीच्या लीव्ह अँड लायसन्स करारांचा आश्रय घेतला. अशा परवान्याने जागेत कोणताही हितसंबंध निर्माण होत नसल्याने फलक हा निव्वळ मालकाच्या मर्जीचा विषय उरतो.

या पार्श्वभूमीवर २०२२ सालची दुकाने व आस्थापना अधिनियमातील दुरुस्ती महत्त्वाची ठरते. तिच्यामुळे दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांवरही देवनागरी मराठी नामफलकाचे बंधन आले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत दिली. वाद लिपीचा झाला, जागेचा कोणी विचारलाच नाही. तथापि फलक नाकारणारा मालक आपणास कायदा मोडावयास लावतो, असा युक्तिवाद छोट्या दुकानदारास यातून उपलब्ध झाला. फलक कोठे व केवढा, हा प्रश्न तरीही वाटाघाटीचाच राहतो.

१९९९ च्या अधिनियमाचे कलम ५५ लेखी, नोंदणीकृत कराराची जबाबदारी मालकावर टाकते. करार नोंदविलेला नसल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. परंतु हा अधिनियम भाडे नियंत्रणापुरता अनुसूचीतील क्षेत्रांनाच लागू होतो. अन्य गावांत फलकाची जागा, लांबी-रुंदी, दिव्यांचे वीजबिल आणि गाळा सोडताना भिंतीची डागडुजी या बाबी करारपत्रातच लिहून घ्याव्या लागतात.