गर्भपाताचा कायदा आणि संमतीचा प्रश्न

सन २०११ च्या ऑक्टोबर महिन्यांत सातारा येथें एक आगळा नामकरणविधि झाला. जिल्ह्यांतील २८५ मुलींना त्या प्रसंगीं नवीं नांवें देण्यांत आलीं. जन्मतः त्यांचीं नांवें 'नकुसा' अथवा 'नकोशी' अशीं ठेवलेलीं होतीं. मुलींच्या पाठीवर पुन्हां मुलगीच झाली तर तिला असें नांव द्यावें, म्हणजे पुढील खेपेस मुलगा होतो, अशी समजूत या भागांत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली होती. नांवें पालटलीं, परंतु ज्या समजुतींतून तीं आलीं, तिचा गर्भपाताच्या कायद्याशीं निकटचा संबंध आहे. स्त्रीला नको असलेला गर्भ आणि घराला नको असलेली मुलगी या दोन भिन्न गोष्टी होत. त्या एकच मानल्यामुळें या विषयावरील वादांत मोठा घोटाळा माजलेला आहे. सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास पाहिला, म्हणजे हा भेद स्पष्ट होतो.

इंग्रजी अमदानींत १८६० सालीं भारतीय दंडविधान मंजूर झालें व १८६२ च्या आरंभापासून तें अमलांत आलें. त्याच्या ३१२ व्या कलमान्वयें, मातेचा जीव वाचविण्याच्या सद्धेतूनें केलेला नसेल असा गर्भपात गुन्हा ठरला आणि तो करून घेणारी स्त्रीही शिक्षेस पात्र झाली. तिच्या संमतीवांचून गर्भपात करणाऱ्यास ३१३ व्या कलमांत अधिक कडक शिक्षा, प्रसंगीं जन्मठेपही, सांगितलेली होती. म्हणजे संमति हा शब्द कायद्यांत पहिल्यापासून होता. पण तो केवळ शिक्षेचें मान ठरविण्यापुरता.

त्या काळीं या संकटांत सांपडलेली स्त्री पुष्कळदां बालविधवा असे. पुनर्विवाह निषिद्ध, आणि गर्भ राहिल्यास सारा कलंक एकट्या तिच्या माथीं. विहीर, जडीबुटी किंवा जन्मलेल्या अर्भकाच्या गळ्यास नख, याखेरीज चौथी वाट तिच्यापुढें नसे. ती चौथी वाट १८६३ सालीं पुण्यास उघडली. जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ गांव सातारा जिल्ह्यांतील कटगुण. सावित्रीबाईंचें माहेर त्याच जिल्ह्यांतील नायगांव. या दांपत्यानें बालहत्या-प्रतिबंधक गृह काढलें व विधवांनीं तेथें येऊन गुप्तपणें बाळंत व्हावें अशी सोय केली. पुढें एका ब्राह्मण विधवेच्या मुलास त्यांनीं दत्तकही घेतलें. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा सांगण्यांत आली. अपिलांत ती कमी झाली. त्या निमित्तानें स्त्रीजातीवर जी आग पाखडण्यांत आली, तिला बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून उत्तर दिलें. दोष एकट्या स्त्रीचाच कसा, असा त्या पुस्तकाचा रोख होता.

विसाव्या शतकांत संततिनियमनाचा विचार पुढें आला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईस त्याचें केंद्र उघडलें. ज्यांच्या बालपणाचीं कांहीं वर्षें सातारा येथें गेलीं, त्या डॉ. आंबेडकरांच्या पक्षातर्फे १९३८ सालीं मुंबईच्या विधिमंडळांत या विषयाचा ठराव आला. तो नामंजूर झाला. गर्भपाताचा कायदा मात्र जसाच्या तसा राहिला. अखेर १९६४ सालीं महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालीं केंद्र सरकारनें समिति नेमली. चोरून, अडाणी हातांनीं होणाऱ्या गर्भपातांत स्त्रिया प्राणास मुकतात, याकडे या समितीनें लक्ष वेधलें. तिच्या अहवालावरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून तो लागू झाला.

या कायद्यानें निर्णय डॉक्टरच्या मतावर सोंपविला. स्त्रीच्या केवळ मागणीवरून गर्भपात होत नाहीं. परंतु सज्ञान स्त्रीच्या बाबतींत संमति लागते ती तिची एकटीची. पतीची नाहीं, सासूसासऱ्यांचीही नाहीं. कागदावर हें मोठें पाऊल होतें.

कागदावरची ही संमति घरांत कोणाच्या हातीं गेली, तें पुढील तीस वर्षांत दिसून आलें. गर्भजलपरीक्षा आली, मागोमाग सोनोग्राफी आली, आणि मुलगी आहे हें जन्मापूर्वीं कळूं लागलें. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्रानें १९८८ सालीं देशांत सर्वांच्या आधीं केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही २००१ च्या शिरगणतींत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत ९१३, साताऱ्यांत ८७८ आणि सांगलींत अवघी ८५१ भरली. कृष्णाकांठचा ऊस, सहकारी साखर कारखाने, तासगांवच्या द्राक्षबागा, रयत शिक्षण संस्थेचीं विद्यालयें, ही या मुलखाची ख्याति. पैसा आला, शिक्षण आलें, त्यांबरोबर सोनोग्राफीचें यंत्रही आलें. आणि 'नकोशी' हें नांव ठेवण्याची पाळीच येऊं नये, अशी सोय झाली.

१९९४ च्या कायद्यांतील एक कलम मोठें मार्मिक आहे. गर्भलिंगनिदान झालेलें असेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, त्या स्त्रीला पतीनें अथवा नातलगांनीं भाग पाडलें असें न्यायालयानें गृहीत धरावयाचें असतें. घरांतील संमति म्हणजे काय चीज आहे, हें कायदा करणाऱ्यांस ठाऊक होतें. सातारच्या वकील वर्षा देशपांडे यांच्या 'लेक लाडकी अभियाना'नें गर्भवती स्त्रियांना गिऱ्हाईक म्हणून पाठवून असे दवाखाने उघडकीस आणले. तरी मार्च २०१७ मध्यें सांगली जिल्ह्यांतील म्हैसाळ येथें एक तरुण विवाहिता बेकायदा गर्भपातांत दगावली, आणि तपासांत ओढ्याकांठीं पुरलेले १९ भ्रूण पोलिसांस सांपडले. तिच्या पतीसही अटक झाली.

अशा प्रसंगानंतर गर्भपातच आवळून टाकावा, अशी ओरड होते. महाराष्ट्रांत गर्भपाताच्या गोळ्यांवर करडी नजर बसली आणि कित्येक औषधविक्रेत्यांनीं त्या ठेवणेंच बंद केलें. वास्तविक या गोळ्या पहिल्या कांहीं आठवड्यांतच घ्यावयाच्या असतात. आणि सोनोग्राफींत गर्भाचें लिंग कळतें तें साधारणतः बाराव्या आठवड्यानंतर. म्हणजे या बंदोबस्तानें लिंगनिवड करणाराचें फारसें अडत नाहीं. अडतें तें वेळेवर डॉक्टरकडे आलेल्या बाईचें. 'स्त्रीभ्रूणहत्या' हा शब्द भिंतीभिंतींवर रंगविला गेल्यानें प्रत्येक गर्भपात हत्याच, असा समज पसरतो, ही स्त्री-संघटनांची तक्रार याच कारणानें आहे. ज्या बाईस सरकारी दारांतून परत जावें लागतें, ती पुन्हां म्हैसाळचीच वाट धरते.

न्यायालयांनीं अलीकडे हा भेद जाणलेला दिसतो. कैदी स्त्रियांसंबंधींच्या प्रकरणांत, गर्भ ठेवावा कीं नाहीं हा निर्णय स्त्रीच्या सन्मानानें जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं सांगितलें. २०२१ च्या दुरुस्तीनें 'पति' या शब्दाच्या जागीं 'जोडीदार' हा शब्द आला. कांहीं विशेष स्थितींतील स्त्रियांसाठीं मुदत २० वरून २४ आठवड्यांवर गेली. त्यांत गर्भारपणीं वैधव्य आलेल्या स्त्रियाही आहेत. २०२२ च्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें अविवाहित स्त्रियांनाही ती सवलत दिली. फुल्यांच्या दारीं रात्रीं येणाऱ्या विधवेची कायद्यानें अशी दखल घेण्यास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. १ जुलै २०२४ पासून दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, तींतही गर्भपात मुळांत गुन्हाच आहे. १९७१ चा कायदा हा त्यास अपवाद, आणि डॉक्टरचें मत अजूनही आवश्यक.

विधवेला मूल झालें म्हणून समाजानें तिला शासन केलें. सवाष्णीला मुलगी होणार म्हणून घरानें तिला टेबलावर निजविलें. दोन्ही वेळीं तिला कोणी विचारलें नाहीं. तिला विचारून, तिच्या इच्छेनें झालेला गर्भपात आणि तिला न विचारतां झालेला गर्भपात यांस एकाच मापानें मोजणारा कायदा तिचें रक्षण करूं शकणार नाहीं. सातारच्या त्या समारंभांत कित्येक मुलींनीं आपलें नवें नांव स्वतः निवडलें होतें. त्यांच्या बाबतींत त्यांना कोणीतरी विचारल्याचा तो पहिलाच प्रसंग असावा.