ठशावरचा हक्क

१९२५ साली मार्गारेट प्रेस्टन या ऑस्ट्रेलियन चित्रकर्तीने एका लेखातून मांडले की, देशाला स्वतःची कला हवी असेल तर युरोपकडे न पाहता इथल्या मूलनिवासींच्या नक्षीकडे पाहावे. पुढे ही नक्षी कापडावर उतरली. १९३७मध्ये फ्रान्सेस बर्क यांनी मेलबर्नला भागीदारीत छपाईचा व्यवसाय सुरू केला. चौकटीवर ताणलेल्या जाळीतून हाताने रंग ओढून त्या कापड छापत. त्यांच्या काही नक्षी संग्रहालयातील मूलनिवासींच्या वस्तूंवरून बेतलेल्या होत्या.

या कौतुकात आदर असेलही. पण ज्यांची नक्षी, त्यांना विचारण्याची रीत तेव्हा नव्हती. मूलनिवासींच्या लेखी मात्र नक्षी ही निव्वळ सजावट नव्हे. कोणत्या पाणवठ्याची कथा कुणी रंगवायची, हे कुळाच्या नियमांनी ठरते. ते चित्र म्हणजे त्या भूमीशी असलेल्या नात्याचा जणू दस्तऐवजच.

छपाईची साधने मूलनिवासींच्या स्वतःच्या हाती आली, तेव्हा चित्र पालटू लागले. डार्विनच्या उत्तरेला असलेल्या बाथर्स्ट बेटावर १९६९मध्ये बीड टुंगुटालम आणि जिओव्हानी टिपुंगवुटी या टिवी तरुणांनी, कलाशिक्षिका मॅडेलिन क्लिअर यांच्या साथीने, ‘टिवी डिझाइन्स’ सुरू केले. आरंभी लाकडी ठसे कोरून कागदावर छपाई होई. मग जाळीच्या साहाय्याने कापड छापले जाऊ लागले. अंत्यविधीचे रंगवलेले खांब आणि अंगावर रेखायची नक्षी यांतून आलेले आकार आता टिवी हातच छापत होते.

बाजारातली उचलेगिरी मात्र थांबली नव्हती. आर्नहेम लँडमधील गनालबिंगू कुळाचे चित्रकार जॉनी बुलुन बुलुन यांचे १९७८चे, पाणवठ्यावरच्या हंसांचे आणि कमळांचे सालीवरील चित्र परवानगीविना कापडावर छापून विकले गेले. प्रकरण न्यायालयात गेले. कंपनीने चूक कबूल केली आणि चित्रकाराचा स्वामित्वहक्क राखला गेला. पण कुळाच्या वतीने जॉर्ज मिलपुरुरू यांनी वेगळाच प्रश्न उभा केला होता : चित्र एकट्याचे की कुळाचे?

१९९८च्या निकालात न्यायालयाने कुळाची मालकी मान्य केली नाही. तरीही चित्रकार हा कुळाचा विश्वस्त आहे, त्याने चित्राचा वापर कुळाच्या नियमांना धरूनच करावा आणि कुणी ते चोरले तर दाद मागावी, असे म्हटले. ही कबुली अर्धीच होती. कारण कायद्याला नक्षीमागे एक निर्माता दिसला. त्याला ती रंगवण्याचा अधिकार देणारे कुळ मात्र मालक म्हणून दिसले नाही.

‘मूलनिवासी कलेने प्रेरित’ ही चिठ्ठी कापडावर आजही दिसते. ती नक्षी रंगवण्याचा अधिकार कुणाचा आणि त्यांना विचारले होते का, हे त्या एका शब्दातून कळत नाही. ते विचारावेच लागते.