तांब्याच्या तारेची परीक्षा

टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड आले हे आपल्याला माहीत आहे. पण ते कोणत्या पद्धतीने आणायचे यावर अमेरिकेत दहा वर्षे वाद चालला होता, हे फारसे सांगितले जात नाही. मला त्या वादातल्या तंत्राइतकीच निवडीची रीतही महत्त्वाची वाटते.

अडचण तारेची होती. ती घातली गेली बोलण्यासाठी. वारंवारता वाढली की तांब्यात संदेश क्षीण होत जातो. जुन्या जोडण्यांची उघडी टोके काही वारंवारता गिळून टाकतात, आणि रेडिओ केंद्रांचा आवाज मध्येच घुसतो. अशा तारेवर चित्रपट पाठवायचा तर बिट लहरींवर कसे चढवायचे? या चढवण्यालाच मॉड्युलेशन म्हणतात.

एका बाजूला होती एटी अँड टीच्या बेल लॅब्जमधली कॅप पद्धत. सगळी माहिती एकाच रुंद लहरीवर चढवायची आणि तारेने केलेली मोडतोड दुसऱ्या टोकाला दुरुस्त करायची. ही पद्धत सोपी आणि स्वस्त होती. दुसऱ्या बाजूला होते स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन चॉफी आणि त्यांची छोटी कंपनी अमाती. त्यांची डीएमटी पद्धत तारेची क्षमता २५६ अरुंद पट्ट्यांत वाटते. मग प्रत्येक पट्टी तपासून जी चांगली तिच्यावर जास्त बिट, जी खराब तिच्यावर कमी, आणि जी निकामी ती रिकामी सोडते. यासाठी गणित फार लागते, म्हणून ती महागात पडेल, असा आक्षेप होता.

निकाल भाषणांनी लागला नाही. १९९३ साली बेलकोरच्या प्रयोगशाळेत या पद्धतींची यंत्रे समोरासमोर तपासली गेली. डीएमटी सरस ठरली आणि त्याच वर्षी अमेरिकी मानक समितीने तिची निवड केली. मोठ्या नावापुढे छोटी कंपनी जिंकली, कारण मोजमाप सर्वांसाठी सारखे होते.

पण निर्णय झाला म्हणून बाजार वळला नाही. कॅपच्या चिप तयार होत्या, त्यामुळे अनेक कंपन्यांनी त्याच बसवल्या. एका पद्धतीचा मोडेम दुसरीशी बोलू शकत नसे. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही डीएमटीवर आले. पुढे व्हीडीएसएलसाठी तोच वाद पुन्हा उभा राहिला, पुन्हा चाचण्या झाल्या आणि २००३ मध्ये पुन्हा डीएमटीच निवडली गेली.

जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड सुरू झाले, तेव्हा हा वाद मिटलेला होता. मोडेम चालू केल्यावर डीएसएलचा दिवा थोडा वेळ लुकलुकत असे, तेव्हा तो आपल्याच घराच्या तारेची एकेक पट्टी तपासत असे. सगळ्या तारा सारख्या आहेत असे त्याने गृहीत धरले नाही. माणसांच्या संस्थांनी योजना आखताना एवढी तपासणी केली, तरी बरेच काही साधेल असे मला वाटते.