कार्ड नाही तर काम नाही

कानबानची कथा सुरू होते जपानमध्ये, टोयोटाच्या यंत्रशाळेत. महायुद्धानंतर या कंपनीचे दिवस फिरले होते. १९५० साली कामगारकपात झाली, मोठा संप झाला आणि किइचिरो टोयोडांना अध्यक्षपद सोडावं लागलं. न खपणारा माल रचून ठेवणं अशा कंपनीला परवडणारं नव्हतं. तरी रीत जुनीच होती. वरून आराखडा यायचा, प्रत्येक विभाग त्याबरहुकूम सुटे भाग बनवायचा आणि पुढच्या विभागाला लागोत न लागोत, तिकडे ढकलून द्यायचा.

यंत्रशाळा सांभाळणाऱ्या ताइची ओनो यांनी ही दिशाच उलटी केली. अमेरिकेतल्या सुपरमार्केटांची माहिती त्यांच्या कानावर आली होती. तिथे गिऱ्हाईक हवं तेवढं उचलतं आणि जेवढं उचललं गेलं तेवढंच फळीवर पुन्हा भरलं जातं. ओनोंनी पुढच्या विभागाला गिऱ्हाईक मानलं. पारदर्शक पाकिटात एक कागद असे, तेच ‘कानबान’ कार्ड: भाग कुठला, नग किती, कुठून कुठे जायचे. भाग उचलले की कार्ड मागे जायचं, आणि ते हातात पडेपर्यंत मागच्या विभागाने काहीही बनवायचं नाही. कार्डं मोजकीच. घडी बसली की त्यांतलीही काही काढून घ्यायची, म्हणजे साठ्याआड दडलेल्या अडचणी उघड्या पडतात. ही रीत कंपनीभर लागू व्हायला १९६२ साल उजाडलं. मला या दिरंगाईचं नवल वाटत नाही. ते कार्ड म्हणजे कामाची परवानगी होती, आणि ती देण्याचा अधिकार आता पुढच्या विभागातल्या कामगाराकडे आला होता.

सॉफ्टवेअरमध्ये ही कल्पना रुजली त्यात हैदराबादचा मोठा वाटा आहे. २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत प्रणालींची देखभाल करणारी एक छोटी टीम तिथे बसायची. कामं ठरवणारे व्यवस्थापक अमेरिकेत. एक दुरुस्ती पुरी व्हायला पाच-पाच महिने लागत. माणसं कष्टाळू होती. पण आलेल्या प्रत्येक मागणीला किती काम पडेल याचा अंदाज ४८ तासांत द्यायचा नियम होता, आणि हातातलं काम थांबवून तो काढण्यातच टीमची बरीचशी ताकद खर्ची पडायची. अंदाज दिलेली कितीतरी कामं तर पुढे कधी हाती घेतलीच जात नसत.

टीमचे व्यवस्थापक ड्रॅगोस डुमित्रिउ यांनी सॉफ्टवेअर व्यवस्थापनाचे जाणकार डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्याने अंदाज बंद केले आणि रांगेला मर्यादा घातली. जागा मोकळी झाली तरच पुढचं काम आत. कुणाला जादा राबवलं नाही, तरीही लागणारा वेळ ९० टक्क्यांहून अधिक घटला. माझ्या मते खरी अवघड गोष्ट अमेरिकेतच घडली. ‘सगळंच तातडीचं’ म्हणणाऱ्या व्यवस्थापकांना आता मोजकीच कामं निवडायची होती, आणि ज्यांच्या आधारे जाब विचारायचा ते अंदाजाचे आकडे हातून जाऊ द्यायचे होते. जुन्या वळणाच्या कंपन्या नेमक्या इथे अडतात.

आज कानबान म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो भिंतीवरचा फळा या सगळ्यात कुठेच नव्हता. हैदराबादची टीम आपल्या नेहमीच्या संगणकीय नोंदवहीवरच काम करत होती. रकाने आखलेला, चिठ्ठ्या चिकटवलेला फळा अँडरसन यांच्याकडे आला तो २००७ मध्ये, सिअ‍ॅटलच्या कॉर्बिस या छायाचित्रांच्या कंपनीत. आज पुष्कळ कंपन्या आधी तो फळाच लावतात, आणि ‘चालू’ या रकान्यात मावतील तेवढ्या चिठ्ठ्या चिकटवत राहतात.